उन्हाने ओझोन जड होतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी बडोद्यात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. हवेतल्या ओझोनमध्ये ऑक्सिजनचे जड समस्थानिक, म्हणजे जास्त वजनाचे अणू, नेहमीपेक्षा बरेच जास्त असतात असं वाचलं. आमचे सर म्हणतात, अतिनील किरण हलका ओझोन आधी फोडतात, म्हणून जड मागे उरतो. तसं असेल तर मे महिन्यातल्या आमच्याकडच्या उन्हात ओझोन सगळ्यांत जड असायला हवा. हे खरं आहे का? आणि यावर इथे राहून काही प्रकल्प करता येईल का?"

तुमच्या सरांचं म्हणणं चूक नाही, पण मोठ्या गोष्टीचा तो छोटा हिस्सा आहे. ओझोन हा तीन ऑक्सिजन अणूंचा रेणू, आणि त्यातला जडपणा मुख्यतः तो बनताना येतो, आणि त्या घटनेला सूर्यप्रकाश लागत नाही. प्रयोगशाळेत विजेच्या प्रवाहाने बनवलेला ओझोनही जडच निघतो. उन्हाचं खरं काम वेगळं आहे. ते ओझोन फोडत राहतं, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा बनत राहतो आणि दर वेळी त्या जागेच्या तापमानाचा व दाबाचा शिक्का त्याच्यावर नव्याने उमटतो. फोडताना ऊन थोडीफार निवडही करतं, पण तिचा परिणाम जाणवतो तो साधारण ३० किलोमीटरच्या वर. तुमच्या बडोद्यातल्या सयाजीगंजच्या चौकातल्या ओझोनपर्यंत ही निवड जवळजवळ पोचतच नाही. मात्र ओझोनमधला हा जड ऑक्सिजन पुढे कुठल्या रेणूत जातो हे ठरवण्यात उन्हाचा हात फार मोठा आहे, आणि तुमच्या प्रकल्पाला जागा आहे ती तिथेच.

आता सविस्तर.

ऑक्सिजनचे स्थिर समस्थानिक तीन. ऑक्सिजन-१६ हा ९९.७६ टक्के, ऑक्सिजन-१८ सुमारे ०.२ टक्के आणि ऑक्सिजन-१७ अवघा ०.०३८ टक्के. पाण्याचं बाष्पीभवन, श्वसन, खडकांची झीज अशा नेहमीच्या प्रक्रियांत १८ चं प्रमाण जितकं बदलतं त्याच्या साधारण निम्मंच, म्हणजे ०.५२ पट, १७ चं बदलतं. कारण उघड आहे: १८ आणि १६ मध्ये दोन एककांचा फरक, १७ आणि १६ मध्ये एकाचा. हा नियम इतका पक्का मानला जायचा की १७ वेगळं मोजायचे कष्ट सहसा कोणी घेत नसे. १८ मोजा, ०.५२ ने गुणा, झालं.

ओझोन हा नियम मोडतो. हायडेलबर्गला जमिनीलगतच्या हवेतला ओझोन गोळा करून १९९५ मध्ये जी मोजमापं प्रसिद्ध झाली, त्यांत हवेतल्या साध्या ऑक्सिजनच्या तुलनेत १८ ची वाढ सुमारे ९ टक्के आणि १७ ची सुमारे ७ टक्के निघाली. हे आकडे आमच्या भाषेत प्रति हजार करून पाहा: १८ साठी ९१, १७ साठी ७१. नियमाप्रमाणे १७ ची वाढ ९१ गुणिले ०.५२, म्हणजे ४७ हवी होती. प्रत्यक्षात ती ७१ आहे. वरचे जे २४ प्रति हजार उरले त्याला आपण सतराचं आधिक्य म्हणू. पुढचा सगळा विषय या आधिक्यावर उभा आहे, कारण साध्या प्रक्रिया ते निर्माण करू शकत नाहीत. एखाद्या नायट्रेटमध्ये किंवा सल्फेटमध्ये ते सापडलं, की हा ऑक्सिजन कधीतरी ओझोनमधून आला आहे हे जवळजवळ नक्की समजायचं.

पहिला संशय उन्हावरच गेला होता, आणि तो अगदीच अवाजवी नव्हता. १९८० मध्ये सिसेरोन आणि मॅकक्रम यांनी एक कल्पना मांडली. वरच्या हवेत ऑक्सिजनचा रेणू २४२ नॅनोमीटरपेक्षा लहान तरंगलांबीच्या किरणांनी फुटतो. त्याच्या शोषणपट्ट्यांत बारीक रेषा असतात. हवेत १६-१६ रेणू इतके प्रचंड आहेत की त्यांच्या रेषांवरचा प्रकाश वरच्या थरांतच संपून जातो. १६-१८ रेणूच्या रेषा किंचित सरकलेल्या असतात, त्यांच्यावरचा प्रकाश मात्र खालपर्यंत पोचतो. म्हणजे खालच्या थरात जड रेणू प्रमाणापेक्षा जास्त फुटणार, जड अणू जास्त मिळणार, आणि ओझोन जड होणार. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, कॉनराड माउअर्सबर्गर यांनी बलूनवरून मास स्पेक्ट्रोमीटर (अणू-रेणू वजनानुसार वेगळे करून मोजणारं यंत्र) पाठवून स्थितांबरातला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरातला, ओझोन खरोखरच जड असल्याचं दाखवलं. त्यांचे पहिले आकडे काही ठिकाणी ४० टक्क्यांपर्यंत गेले होते. नंतर पद्धती सुधारल्या आणि आकडे १० टक्क्यांच्या आसपास येऊन स्थिरावले, पण जडपणा खरा होता.

मग १९८३ मध्ये थीमेन्स आणि हायडेनराइक यांचा प्रयोग आला. शुद्ध ऑक्सिजनमध्ये विद्युत्-विसर्ग करायचा, बनलेला ओझोन द्रवरूप नायट्रोजनने गोठवून पकडायचा आणि मोजायचा. सूर्य नाही, वातावरणाचे थर नाहीत. तरीही ओझोन जड, आणि १७ व १८ ची वाढ जवळजवळ सारखी. या निकालाने अंतराळ-रसायनवाल्यांचीही झोप उडाली. कारण त्याआधी दहा वर्षं, १९७३ पासून, मेक्सिकोत पडलेल्या अयेंदे उल्केतल्या खनिजांत क्लेटन आणि सहकाऱ्यांना १७ आणि १८ असेच सारख्या प्रमाणात बदललेले दिसत होते, आणि त्याचा अर्थ 'ताऱ्यांच्या पोटातून आलेलं वेगळं द्रव्य' असा लावला जात होता. तशी खूण साध्या रासायनिक अभिक्रियेतूनही उमटू शकते, हे काचेच्या उपकरणात बनलेल्या थोड्याशा ओझोनने दाखवलं.

या प्रयोगाचं स्पष्टीकरण द्यायलाही आधी तीच प्रकाश अडवण्याची कल्पना वापरली गेली. ती मोडली १९८५ मध्ये, नॅव्हन आणि वॉसरबर्ग यांच्या युक्तिवादाने. हा युक्तिवाद नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

सुटा ऑक्सिजन अणू हवेत एकटा फिरत नाही. शेजारच्या ऑक्सिजन रेणूशी तो जागा बदलतो: १८ चा अणू १६-१६ रेणूला भेटला की १६-१८ रेणू बनतो आणि १६ चा अणू सुटतो. ही अदलाबदल अतिशय वेगवान आहे. बडोद्याच्या जमिनीलगतच्या हवेचं गणित तुम्ही स्वतः करू शकता. दर घनसेंटिमीटरमध्ये ऑक्सिजनचे रेणू सुमारे ५ गुणिले १० चा १८ वा घात, अदलाबदलीचा वेगस्थिरांक सुमारे ३ गुणिले १० चा उणे १२ वा घात. म्हणजे एक अदलाबदल मायक्रोसेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात होते. त्याच अणूला ओझोन बनायला मात्र दहा-पंधरा मायक्रोसेकंद लागतात. ओझोनमध्ये अडकण्याआधी तो शंभरावर वेळा बदललेला असतो. ३० किलोमीटरवर हवा विरळ असते, पण तिथे हे अंतर आणखी वाढतं, कारण ओझोन बनायला तिसरा रेणू लागतो आणि तो लवकर सापडत नाही. थोडक्यात, तो अणू कुठून आला, ऑक्सिजन फुटून, ओझोन फुटून की नायट्रोजन डायऑक्साइड फुटून, याची कसलीही आठवण त्याच्यात उरत नाही. उन्हाने अणू निवडून आणून दिला तरी ती निवड पुसली जाते.

मग जडपणा येतो कुठून? पुढच्या पायरीतून. अणू आणि रेणू एकत्र आले की ओझोनचा उत्तेजित रेणू बनतो. त्याच्यात ऊर्जा जास्त असते. शेजारच्या नायट्रोजन वा ऑक्सिजनच्या रेणूने ती वेळेत काढून घेतली तर ओझोन टिकतो, नाहीतर तो पुन्हा फुटतो. म्हणजे हा उत्तेजित रेणू जितका जास्त जगेल तितकी त्याची टिकण्याची शक्यता जास्त. माउअर्सबर्गर आणि सहकाऱ्यांनी १९९९ च्या सुमारास प्रत्येक जोडीचा वेग वेगळा मोजला, आणि माझ्या मते या विषयातलं ते सगळ्यांत सुंदर मोजमाप आहे. १६ चा अणू आणि १६-१६ रेणू यांचा वेग १ धरला, तर १८ चा अणू आणि १६-१६ रेणू यांचा ०.९२ येतो, आणि १६ चा अणू व १८-१८ रेणू यांचा चक्क १.५३. तेच अणू, तेच बंध, तरी दीडपट फरक!

या फरकाचा बराचसा भाग शून्यबिंदू ऊर्जेने, म्हणजे रेणू कितीही थंड केला तरी त्याच्यात उरणाऱ्या कंपनाच्या किमान ऊर्जेने, उलगडतो. जड रेणूची शून्यबिंदू ऊर्जा कमी असते. १६-१८-१८ हा उत्तेजित रेणू दुसऱ्या टोकाने फुटायचा तर १६-१८ बनवावा लागतो, आणि तो १८-१८ पेक्षा ऊर्जेने महाग पडतो. ती वाट जवळपास बंद होते, रेणू जास्त जगतो, टिकतो. १८-१६-१६ च्या बाबतीत उलटं: दुसरी वाट स्वस्त पडते, रेणू लवकर फुटतो. पण १७ आणि १८ दोघेही सारखेच का वाढतात, याचं उत्तर एवढ्यात मिळत नाही. ते सममितीत आहे. १६-१८-१६ किंवा १६-१६-१६ असे दोन्ही टोकांना सारखे असलेले रेणू, आणि १६-१६-१८ किंवा १६-१६-१७ असे असमान टोकांचे रेणू, यांच्यात ऊर्जा आतल्या आत पसरण्याची रीत वेगळी असते. असमान रेणू थोडे जास्त टिकतात. टोकाचा तो वेगळा अणू १७ आहे की १८ याने तिथे फारसं बिघडत नाही, तो वेगळा आहे एवढंच पुरतं. गाओ आणि मार्कस यांनी २००१ मध्ये हे गणितात बसवलं. हे मार्कस म्हणजे इलेक्ट्रॉन-स्थानांतरासाठी १९९२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले रुडॉल्फ मार्कस. त्यांच्या सूत्रात असमान-समान फरकाचा गुणक प्रयोगाशी जुळवून घ्यावा लागला होता. पूर्णपणे क्वांटम गणितातून तो काढण्याचं काम त्यानंतरही चालू राहिलं.

या बनण्याच्या पायरीचे दोन गुण लक्षात ठेवा. तापमान वाढलं की जडपणा वाढतो. दाब वाढला की तो कमी होतो, कारण दाट हवेत उत्तेजित रेणूची ऊर्जा इतक्या झटपट काढून घेतली जाते की जास्त जगण्याचा फायदा उरत नाही.

आता ऊन. ओझोन तीन पट्ट्यांत प्रकाश शोषतो. हार्टली पट्टा सगळ्यांत जोरदार, २५५ नॅनोमीटरच्या आसपास त्याचं शिखर. त्याच्या लांब तरंगलांबीच्या बाजूला, ३१० च्या पुढे, हगिन्स पट्टा. आणि दृश्य प्रकाशात, ६०० च्या आसपास, कमजोर पण रुंद शापुई पट्टा. जमिनीवर २९० च्या खालचं काहीच पोचत नाही, ते वरच्या ओझोननेच गिळलेलं असतं. म्हणून खालचा ओझोन फुटतो तो मुख्यतः दृश्य प्रकाशाने आणि थोडा हगिन्सच्या भागात. भर दुपारी एखादा ओझोन रेणू अशा फुटण्याआधी सरासरी पाऊण तास जगतो. ४० किलोमीटरवर हार्टली पट्टा उघडा पडलेला असतो आणि तिथे हाच काळ मिनिटांवर येतो.

फुटलेला अणू लगेच दुसऱ्या ऑक्सिजन रेणूला चिकटून पुन्हा ओझोन बनतो. एकूण ओझोन कमीही झाला नाही, वाढलाही नाही, पण रहाट फिरला. दर फेऱ्याला जुना समस्थानिक शिक्का पुसला गेला आणि नवा बसला. स्थितांबरातला ओझोन वाऱ्याने शेकडो किलोमीटर वाहत आला तरी दिवसभराच्या उन्हानंतर त्याच्या अंगावर तिथल्याच तापमान-दाबाची खूण असते. रात्री रहाट थांबतो, आणि संध्याकाळी जे होतं तेच पहाटेपर्यंत राहतं. ध्रुवाजवळच्या लांबच लांब हिवाळी रात्रीत म्हणूनच जुना, दुसरीकडून वाहून आलेला शिक्का टिकू शकतो.

तुमच्या सरांनी सांगितलेली निवड या रहाटाच्या एका टप्प्यावर घडते. जड ओझोनची शून्यबिंदू ऊर्जा कमी असल्याने त्याचा शोषणपट्टा किंचित अरुंद होतो आणि लहान तरंगलांबीकडे सरकतो. पट्ट्याच्या शिखरावर याने फारसा फरक पडत नाही. पण लांब तरंगलांबीच्या उतारावर, जिथे शोषण झपाट्याने घसरतं, तिथे एवढ्याशा सरकण्यानेही जड ओझोन हलक्यापेक्षा कमी प्रकाश शोषतो. म्हणजे तो कमी फुटतो. ओझोन बनणं आणि फुटणं समतोलात आलं की मिळणारा जडपणा म्हणजे बनण्याच्या गुणकाला फुटण्याच्या गुणकाने भागून जे येतं ते. जड रेणू जितका कमी फुटेल, तितकी भर बनण्यातल्या जडपणावर पडते.

ही भर किती, हे ठरतं त्या उंचीवर कुठली तरंगलांबी काम करते आहे त्यावर. खाली शापुई पट्ट्याचं राज्य, तिथे निवड क्षीण. मधल्या स्थितांबरात हार्टलीचा उतार आणि हगिन्स यांचा वाटा वाढतो, तिथे निवड सगळ्यांत ठळक. आणखी वर गेलं की हार्टलीचं शिखरच काम करू लागतं आणि निवड पुन्हा मंदावते. २००५-०६ च्या सुमारास बलूनवरून केलेली अवरक्त मोजमापं आणि लियांग, युंग आणि सहकाऱ्यांची गणितं याच चित्राकडे बोट दाखवतात: पाया बनण्याचा, त्यावर वरच्या थरांत फुटण्याची भर.

हे फुटण्याचं काम प्रयोगशाळेत वेगळं काढून पाहणाऱ्यांत आपल्या शेजारचे लोक आहेत. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत भट्टाचार्य आणि चक्रवर्ती यांनी ओझोनवर अतिनील आणि दृश्य प्रकाश वेगवेगळे टाकून, न फुटता उरलेल्या ओझोनचे समस्थानिक मोजले आणि ते काम २००३ मध्ये प्रसिद्ध केलं. ही संस्था १९४७ मध्ये विक्रम साराभाईंनी सुरू केली. तिचे पहिले संचालक के. आर. रामनाथन हे स्वतः वातावरणातल्या ओझोनचे मोठे अभ्यासक. बडोद्याहून ती शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना या विषयाची नाळ जर्मनी-अमेरिकेशी जोडलेली दिसते आणि अहमदाबाद दिसत नाही, याची मला नेहमी खंत वाटते.

असे प्रयोग कसे दिसतात तेही सांगतो, कारण पुस्तकात ते येत नाही. काचेची निर्वात नळ्यांची जोडणी असते, आणि तिच्यात ओझोन जाणार त्या भागात रबर, ग्रीस, पारा यांना मज्जाव. ओझोन तिघांनाही खातो. सापळा द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, बुडवलेला असतो. ओझोन उणे ११२ ला उकळतो, म्हणून तो तिथे जागच्या जागी गोठून बसतो. ऑक्सिजनचा बाष्पदाब त्या तापमानालाही भरपूर असतो, त्यामुळे तो पंपाने हळूहळू ओढून काढता येतो. ऑक्सिजन निघून गेला की काचेच्या तळाशी गडद निळ्या-जांभळ्या रंगाची पातळ झाक उरते. तोच ओझोन. त्याच्यावर सेंद्रिय पदार्थाचा कण पडला, किंवा सापळा घाईने गरम केला, तर स्फोट होऊ शकतो. म्हणून तो फार थोडा बनवायचा आणि चेहऱ्यासमोर ढाल ठेवायची. मास स्पेक्ट्रोमीटरमध्येही ओझोन सरळ पाठवत नाहीत, कारण धातूवर तो फुटतो. आधी तो पूर्णपणे ऑक्सिजनमध्ये बदलायचा आणि मग ३२, ३३, ३४ ही वस्तुमानं मोजायची. पूर्ण बदलला नाही तर अर्धवट फुटण्याचीच निवड तुमच्या आकड्यात शिरते आणि निसर्गाची म्हणून छापली जाते.

आता बडोद्याचं ऊन. इथे सूर्य जूनच्या सुरुवातीला थेट माथ्यावर येतो. पण शहरातल्या हवेत उन्हाचं मुख्य लक्ष्य ओझोन नसतोच. ते असतं नायट्रोजन डायऑक्साइड, गाड्यांच्या धुरातून येणारं. साधारण ४२० नॅनोमीटरच्या खालच्या प्रकाशाने ते दुपारी दोनेक मिनिटांत फुटतं, त्यातून ऑक्सिजन अणू सुटतो आणि ओझोन बनतो. तिकडे धुरातलं नायट्रिक ऑक्साइड ओझोन खात असतं. हवेत ते १० पीपीबी (अब्जात दहा भाग) असेल तर ओझोनचा रेणू तीन-चार मिनिटांतच संपतो. पाऊण तासाचं प्रकाशाने फुटणं या झटापटीत मागे पडतं. आणि नायट्रोजन डायऑक्साइडमधून सुटलेला अणूही शंभरावर अदलाबदलींतून जाऊन सगळं विसरलेला असतो. म्हणून रस्त्यावरच्या ओझोनवर असतो तो बनण्याचा शिक्का, एका वातावरणाच्या दाबाचा आणि त्या दिवसाच्या तापमानाचा. मे मधल्या ४२ अंशांत तो जानेवारीतल्या सकाळच्या मानाने थोडा जड असेल, पण तो उकाड्यामुळे. दुपारी ओझोन वाढतो ते त्याचं प्रमाण. प्रमाण आणि जडपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

उन्हाची खरी छाप पाहायची असेल तर ओझोन सोडून नायट्रेटकडे वळा. ओझोनमधला जडपणा बराचसा टोकाच्या अणूंवर असतो, आणि नायट्रिक ऑक्साइडला ओझोन देतो तो टोकाचाच अणू. त्या अणूचं सतराचं आधिक्य सुमारे ३९ प्रति हजार धरतात. आता दिवसा काय होतं? नायट्रोजन डायऑक्साइडवर हायड्रॉक्सिल मूलक (ऑक्सिजन-हायड्रोजनचा अतिशय क्रियाशील तुकडा) येऊन नायट्रिक आम्ल बनतं. तीनपैकी दोन ऑक्सिजन डायऑक्साइडचे, एक हायड्रॉक्सिलचा. हायड्रॉक्सिल ओझोनच्याच अणूपासून जन्मतं, पण पाण्याच्या वाफेशी अदलाबदल करून आधिक्य हरवून बसतं. म्हणून जास्तीत जास्त ३९ चे दोन तृतीयांश, म्हणजे २६. रात्री हायड्रॉक्सिल नाही. ओझोन डायऑक्साइडवर जाऊन नायट्रेट मूलक बनवतो. दिवसा हे मूलक प्रकाशाने काही सेकंदांत फुटतं, रात्री टिकतं. ते दुसऱ्या डायऑक्साइडला भेटून डायनायट्रोजन पेंटॉक्साइड बनतं आणि ओल्या कणावर पाण्याशी अभिक्रिया करून दोन नायट्रिक आम्लं देतं. सहा ऑक्सिजनपैकी पाच ओझोनच्या घराण्यातले, एक पाण्याचा. ३९ चे पाच षष्ठांश म्हणजे ३२ च्या वर. दिवसा पेरॉक्सी मूलकंही (दोन ऑक्सिजन अणू जोडलेले असेच क्रियाशील तुकडे) नायट्रिक ऑक्साइडला ऑक्सिजन देतात आणि त्यांच्याकडे आधिक्य जवळजवळ नसतं, म्हणून दिवसाचा आकडा २६ च्याही खाली येतो. म्हणजे ऊन जितकं जास्त, तितका नायट्रेटमधला ओझोनचा वाटा कमी. तुमच्या अंदाजाच्या बरोबर उलट! मध्यम आणि उच्च अक्षांशांवर हिवाळ्यात आधिक्य जास्त आणि उन्हाळ्यात कमी, असा क्रम अनेक ठिकाणी मोजला गेला आहे.

वरच्या थरांत ऊन हीच खूण आणखी एका वाटेने पसरवतं. अतिनील किरणांनी ओझोन फुटला की उत्तेजित ऑक्सिजन अणू सुटतो आणि तो कार्बन डायऑक्साइडशी अदलाबदल करतो. ही वाट युंग आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये सुचवली. त्यामुळे स्थितांबरातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सतराचं आधिक्य येतं आणि त्याची भरपाई म्हणून आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनमध्ये १७ अगदी किंचित कमी असतं. या किंचित तुटीवरून पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा हिशेब मांडता येतो, हे १९९९ मध्ये दाखवलं गेलं.

आणखी एक काम सांगायचा मोह आवरत नाही, कारण ते उन्हाच्या रहाटावरच बेतलेलं आहे. अणूंची अदलाबदल फक्त एकेक अणू फिरवत नाही. १८-१८ असे दोन जड अणू एकाच रेणूत असण्याचं प्रमाणही ती बदलते, आणि ते त्या ठिकाणच्या तापमानाशी जुळतं. अदलाबदलीला सुटे अणू लागतात, सुटे अणू उन्हात ओझोन फुटून मिळतात. म्हणून बर्फात अडकलेल्या जुन्या हवेतल्या १८-१८ च्या प्रमाणावरून त्या काळी खालच्या वातावरणात किती ओझोन होता याचा अंदाज काढता येतो. युंग आणि सहकाऱ्यांच्या गणितांशी याचा गोंधळ करू नका. हे काम लॉरेन्स येउंग आणि सहकाऱ्यांचं, २०१९ चं. त्यांच्या हिशेबाने १८५० ते २००५ या काळात खालच्या वातावरणातला ओझोन ४० टक्क्यांपेक्षा कमी वाढला. एकोणिसाव्या शतकातल्या, ओझोनने रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्यांच्या मोजमापांवरून याहून पुष्कळ मोठी वाढ मानली जात होती.

तर तुमचा प्रकल्प. हवेतून ओझोन गोठवून गोळा करायच्या फंदात एम.एस्सी.त पडू नका. हवेतून त्याच्याबरोबर इतर वायूही सापळ्यात येतात आणि ते वेगळे करण्यातच वर्ष जाईल. नायट्राइट लावलेल्या काचतंतूच्या फिल्टरची पद्धत वापरा. ओझोन नायट्राइटचं नायट्रेट करतो आणि त्यात स्वतःचा टोकाचा अणू ठेवतो. ४० पीपीबी ओझोन असेल तर एक घनमीटर हवेत तो दीड मायक्रोमोलच्या वर भरतो. जिवाणूंनी नायट्रेटचं नायट्रस ऑक्साइड करून, ते तापवलेल्या सोन्याच्या नळीत फोडून ऑक्सिजन मोजायच्या पद्धतीला ०.१ मायक्रोमोलच्या आसपास पुरतं. म्हणजे छोटा पंप आणि काही तास बास. फिल्टरच्या आधी टेफ्लॉनचा साधा फिल्टर लावा, नाहीतर हवेतल्या कणांवरचं नायट्रेट आत येईल. उरलेलं नायट्राइट मोजणीआधी सल्फॅमिक आम्लाने काढा. आणि फिल्टरचा डबा अपारदर्शक ठेवा: नायट्राइट स्वतः उन्हाने फुटतं, गच्चीवर उघडं ठेवलंत तर तुम्ही फिल्टरवरचंच रसायन मोजत बसाल.

कणांवरचं नायट्रेटही सोबत गोळा करा. इथे एक सापळा आहे. दिवसाचे आणि रात्रीचे फिल्टर वेगळे लावून मोठा फरक दिसेल अशी अपेक्षा असते, पण नायट्रेटचे कण हवेत काही दिवस राहतात. दुपारच्या फिल्टरवर काल रात्री बनलेलं नायट्रेटही येतं आणि फरक पुसट होतो. म्हणून तुलना ऋतूंची करा: डिसेंबर-जानेवारी, जेव्हा बडोद्यात दिवस पावणेअकरा तासांचा असतो, आणि मे-जूनचे पहिले दिवस, जेव्हा तो साडेतेराच्या जवळ जातो. मधला पावसाळा सोडून द्या, पाऊस कण धुऊन नेतो. मे मध्ये अमोनियम नायट्रेट उष्णतेने फिल्टरवरून उडून जातं, तेव्हा मागे नायलॉनचा दुसरा फिल्टर हवाच, तो सुटलेलं नायट्रिक आम्ल धरतो. दोन्ही फिल्टर एकत्र करूनच मोजा.

जागा दोन घ्या: एक वाहतुकीची, सयाजीगंजसारखी, आणि एक कमाटी बागेच्या आतली. धुरातलं नायट्रिक ऑक्साइड दोन्हीकडे वेगळं असेल, तसा पेरॉक्सी मूलकांचा वाटाही वेगळा असेल, आणि तो नायट्रेटच्या आकड्यात दिसायला हवा. मास स्पेक्ट्रोमीटरसाठी बाहेरच्या प्रयोगशाळेला पत्र लिहिण्याआधी कोऱ्या फिल्टरांचा एक संच पूर्ण पद्धतीतून काढा, म्हणजे पंप बंद ठेवून, तितकाच वेळ, त्याच डब्यात. कोऱ्यातलं नायट्रेट नमुन्याच्या विसाव्या भागापेक्षा जास्त आलं तर नायट्राइटची बाटली बदला आणि पुन्हा काढा. ते आकडे हातात आले की मला कळवा, पुढचं वेळापत्रक त्यावरून ठरवू.